वाइनचे ग्लास : हौसेच्या मानाने कोणते आणि किती घ्यावेत?

मृद्गंध (पुणे)

नमस्कार मंडळी. लग्नात आहेर म्हणून आलेले सहा जाड काचेचे, नक्षीदार आणि बुटके ग्लास आमच्या घरी आहेत आणि गेली नऊ वर्षे आम्ही दोघे त्यांतूनच वाइन पीत आलो आहोत. आमची हौस बेताची, म्हणजे पंधरवड्याला एखादी बाटली; त्यात बहुधा नाशिककडची शेनिन ब्लाँ ही पांढरी किंवा शिराझ ही तांबडी असते, आणि घरात काही निमित्त असले तर फसफसणारी. मागच्या महिन्यात नाशिकजवळच्या एका वायनरीत आम्ही जी शेनिन ब्लाँ चाखली, तीच घरी आणून आमच्या ग्लासांत ओतली, तेव्हा तिचा वासच हरवल्यासारखा वाटला. बाटली तीच आणि थंडावाही तेवढाच असल्यामुळे दोष ग्लासाचा असावा, असे धरून मी दुकानात गेलो. तिथे दुकानदाराने प्रत्येक वाइनला निराळा, म्हणजे बर्गंडीचा वेगळा, बोर्दोचा वेगळा, शार्डनेचा वेगळा आणि शॅम्पेनचा वेगळा अशी सहा-सहाची खोकी समोर मांडली. ती सगळी घेतली, तर ग्लास घरात राहतील आणि आम्हाला जिन्यात मुक्काम करावा लागेल.

आमच्यासारख्यांनी नेमके काय घ्यावे? आणि हा फरक खरोखरच ग्लासाचा असतो, की सहलीतल्या मोकळ्या हवेचा?

नाशिकचा_वेल

दोन्हींचा असतो. सुट्टीच्या दिवशी, बागेकडे तोंड करून बसल्यावर कोणतीही वाइन थोडी बरी लागते, हे आमच्याकडे पाहुण्यांना वाइन चाखवणारी मंडळीही खासगीत मान्य करतात. तरीही आपल्या बाबतीत ग्लासाचा वाटा मोठा असणार, असे वर्णनावरून वाटते.

वाइनची जी चव म्हणून आपण सांगतो, तिच्यातला मोठा भाग प्रत्यक्षात वास असतो. जिभेला आंबट, गोड, कडू, खारट अशा मोजक्याच चवी कळतात. पेरू, लिंबाची साल, मिरी, ओले गवत या सगळ्या ओळखी नाक पटवते. त्यामुळे ग्लासाचे मुख्य काम वास साठवून ठेवणे आणि पिताना तो नाकापाशी आणून देणे हे आहे. त्यासाठी पोट रुंद आणि तोंड त्याहून अरुंद हवे, म्हणजे वाइन घुसळली तरी सांडत नाही आणि वरच्या रिकाम्या जागेत वास थांबतो. आपले बुटके ग्लास बहुधा सरळ उभे किंवा वर पसरत गेलेले असतील, आणि लहान असल्यामुळे ते जवळजवळ काठोकाठ भरले जात असतील. अशा ग्लासात वासाला उभे राहायलाही जागा उरत नाही.

आता आकडे पाहू. 750 मिलिलिटरच्या बाटलीतून 150 मिलिलिटरचे पाच ग्लास निघतात. ग्लास 200 मिलिलिटरचा असेल, तर तेवढ्या वाइनीने तो तीन चतुर्थांश भरतो. 400 मिलिलिटरचा असेल, तर वर 250 मिलिलिटरची जागा मोकळी राहते. पोट जिथे सर्वांत रुंद असते, तिथपर्यंतच ओतावे, हा साधा नियम त्यातूनच आला आहे. आपल्याकडे पाहुण्याला अर्धा ग्लास देणे हा कंजूषपणा समजला जातो, म्हणून बरेच यजमान काठापर्यंत ओततात आणि चांगल्या ग्लासाचीही माती करतात.

तेव्हा माझे मत असे, की 350 ते 450 मिलिलिटरचा, कळीच्या आकाराचा, लांब दांडीचा आणि पातळ काठाचा एकच प्रकार घ्यावा. पांढरी, तांबडी, गुलाबी आणि फसफसणारीसुद्धा त्यातच प्यावी. पंधरवड्याला एक बाटली पिणाऱ्याला याहून अधिक प्रकारांची गरज नाही.

शंकेखोर

द्राक्षागणिक ग्लास हा सगळा विक्रीचा खटाटोप आहे, असे मी स्पष्टच म्हणतो. 1901 साली हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनेत किंचित फरक असल्याचे मांडले. 1942 साली बोरिंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकातील आलेखावरून लोकांनी त्याचा असा अर्थ काढला, की गोड फक्त शेंड्याला आणि कडू फक्त मागे कळते. तो जिभेचा नकाशा आपणही शाळेत पाठ केला. वास्तविक सगळ्या चवी जिभेवर जवळजवळ सगळीकडे कळतात. असे असूनही अमुक ग्लास वाइनला जिभेच्या अमुक जागी नेऊन टाकतो, असे सांगून वर्षानुवर्षे ग्लास विकले गेले. ज्याचा पायाच कोसळला आहे, त्यावर सहा-सहाची खोकी रचायची कशाला? आमच्या घरी स्टीलचा पेला आहे, तो पडला तरी फुटत नाही.

रसायनमित्र (ठाणे)

शंकेखोर, नकाशाविषयी तुम्ही म्हणता ते खरे आहे; मात्र त्यावरून ग्लासाच्या आकाराने काहीच होत नाही, असा निष्कर्ष काढणे ही दुसऱ्या टोकाची उडी झाली. जिभेचा दावा खोटा ठरला, नाकाचा नव्हे.

2015 साली टोकियोतील संशोधक मित्सुबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाइनवरच्या अल्कोहोलच्या वाफेचे चित्रण करणारा एक कॅमेरा वापरून प्रयोग केला. ग्लासाच्या तोंडावर त्यांनी एक जाळी ठेवली होती. जाळीवरच्या विकराशी (एन्झाइमशी) अल्कोहोलची वाफ भिडली, की रासायनिक क्रियेतून प्रकाश निघे आणि तो कॅमेरा टिपत असे. वाइन 13 अंश सेल्सियसला असताना, वाइनच्या नेहमीच्या ग्लासात ही वाफ काठाजवळ कड्यासारखी दाट आणि मधोमध विरळ दिसली. मार्टिनीच्या पसरट ग्लासात आणि सरळ ग्लासात असे कडे तयार झाले नाही. याचा अर्थ असा लावता येतो, की कळीच्या आकाराच्या ग्लासात मधोमध नाक नेले, तर अल्कोहोलचा झणका कमी लागतो आणि बाकीचे वास मोकळे कळतात. हा प्रयोग तापमानावर अवलंबून होता, हे विसरू नये. वाइन गरम झाली, की वाफ सगळीकडे दाटते.

परंतु या प्रयोगातून बर्गंडीला हाच आणि बोर्दोला तोच ग्लास हवा, असे काहीही सिद्ध होत नाही. निमुळते तोंड उपयोगी आहे एवढेच निघते, आणि ते नाशिकचा_वेल यांच्या सल्ल्याशी जुळते.

स्टीलच्या पेल्याबद्दल एवढेच सांगतो, की त्यात वाइनचा रंग दिसत नाही आणि काठ सरळ असतो. ताकासाठी तो उत्तम आहे.

शंकेखोर

नाकाचा मुद्दा मान्य. ताकाचाही मान्य.

जुना_गडी (मुंबई)

या वेगवेगळ्या ग्लासांचा इतिहास थोडक्यात सांगतो, म्हणजे दुकानदाराची खोकी कुठून आली ते कळेल. ऑस्ट्रियातील रीडेल हे काचसामान करणारे जुने घराणे आहे. त्यातील क्लाउस रीडेल यांनी 1958 साली बर्गंडीसाठी एक प्रचंड मोठा, फुग्यासारखा ग्लास घडवला. त्यात एक लिटरहून अधिक मावते, म्हणजे वाइनची अख्खी बाटली ओतूनही जागा उरते. पुढे 1973 साली त्यांनी तोंडाने फुंकून केलेल्या ग्लासांची संपूर्ण मालिका आणली आणि द्राक्षागणिक ग्लास ही कल्पना जगभर पसरली. 1986 साली त्याच कंपनीने यंत्रावर केलेली स्वस्त मालिका काढल्यावर ती सामान्य घरांपर्यंत पोहोचली. क्लाउस रीडेल यांच्याआधी ग्लासावर भरघोस कोरीवकाम आणि रंगीत काच यांनाच प्रतिष्ठा होती. साधी, पातळ, नक्षीविरहित काच हा या घराण्याचा मोठा उपकार आहे आणि तो मी मनापासून मानतो. प्रकारांची संख्या मात्र मानत नाही.

आज काटा उलट दिशेने फिरतो आहे. जॅन्सिस रॉबिन्सन या नामवंत ब्रिटिश वाइन-लेखिकेने 2018 साली रिचर्ड ब्रेंडन या डिझायनरबरोबर जो ग्लास आणला, तो सगळ्या वाइनींना एकच, या तत्त्वावर आहे. आयुष्य वाइनीत घालवलेल्या व्यक्तीला एक प्रकार पुरतो, तर आपले सहा प्रकारांवाचून काय अडले आहे?

वाड्यातली (सदाशिव पेठ)

वरची सगळी चर्चा वाचली. ती अशा लोकांची वाटते, ज्यांच्या घरचे ग्लास दुसरे कोणी तरी धुते. म्हणून ग्लास धुण्याविषयी चार गोष्टी सांगते, कारण ग्लासाची खरी परीक्षा जेवणाच्या टेबलावर नसून मोरीत होते.

पहिली गोष्ट म्हणजे उंची. लांब दांडीचा ग्लास नळाखाली तिरका धरावा लागतो, आणि खाली कुकर, कढई आणि पोळ्यांचा तवा पडलेला असतो. माझे चारांपैकी तीन ग्लास नळाच्या तोटीवर आपटून फुटले. तेव्हापासून मी ते रात्री धुतच नाही. त्यांत थोडे पाणी घालून ओट्याच्या मागच्या कोपऱ्यात ठेवते आणि सकाळी मोरी रिकामी असताना धुते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना ते धुवायला देणे हा तर त्यांच्यावर अन्याय आहे, कारण फुटले तर जीव त्यांचा खालीवर होतो.

दुसरी गोष्ट साबणाची. भांड्यांच्या साबणाला लिंबाचा जो भडक वास असतो, तो ग्लासात राहतो आणि मग प्रत्येक वाइनीत आपल्याला लिंबू सापडते. कोमट पाण्याने दोनदा विसळले तर रोजच्या वापराला पुरते. काठावर तेल किंवा लिपस्टिक लागली असेल, तर तेवढ्याच जागी बोटाने बिनवासाचा साबण लावावा. ज्या घासणीने फोडणीची कढई घासली, ती ग्लासाला कदापि लावू नये.

तिसरी गोष्ट पाण्याची. आमच्या भागात उन्हाळ्यात बोअरचे पाणी येते आणि ग्लासावर पांढरे ठिपके उमटतात. थोडे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवून काढले, की ते जातात. नंतर साध्या पाण्याने विसळून मऊ सुती पंचाने पुसावे. पुसताना एका हाताने बूड आणि दुसऱ्या हाताने पोट धरून उलटसुलट पिळू नये. दांडी नेमकी तेव्हाच तुटते आणि हाताला टाके पडतात. ज्या भागाला पुसायचे, तोच भाग धरावा.

आणि कपाटात ग्लास उलटे ठेवू नयेत. उलट्या ग्लासात फळीचा, खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राचा आणि शेजारच्या हिंगाच्या डबीचा वास कोंडून बसतो. मृद्गंध, तुमच्या ग्लासांतून शेनिनचा वास हरवला म्हणता, तर ओतण्यापूर्वी रिकाम्या ग्लासात एकदा नाक घालून पाहा.

माझा नियम असा, की जो ग्लास धुताना भीती वाटते, तो आपल्या ऐपतीबाहेरचा आहे, मग तो विकत घेण्याइतके पैसे खिशात असोत की नसोत.

मृद्गंध (पुणे)

ताई, रिकाम्या ग्लासात नाक घालून पाहिले. आतून जुन्या लाकडी कपाटाचा आणि किंचित डांबराच्या गोळीचा वास आला. नऊ वर्षे आम्ही हे काय पीत होतो, याचा विचार करतो आहे.

ऱ्हाइनकाठी (माइन्झ, जर्मनी)

वाइनच्या खुद्द मुलखात लोक काय वापरतात, हे थोडे सांगावेसे वाटते, कारण दुकानातल्या खोक्यांवरून आपली समजूत भलतीच होते. इथे उपाहारगृहांतल्या ग्लासांवर एक बारीक आडवी रेघ असते आणि तिथे 0.1 किंवा 0.2 लिटर असे लिहिलेले असते. गिऱ्हाइकाला माप बरोबर मिळावे, म्हणून ती कायद्याने लागते. ती रेघ ग्लासाच्या तोंडापासून बरीच खाली असते आणि त्यामुळे अर्धा ग्लास म्हणजे कंजूषपणा, हा विचारच इथे कोणाच्या डोक्यात येत नाही.

माझ्या घराच्या दक्षिणेला फाल्त्स नावाचा द्राक्षांचा प्रदेश आहे. तिथल्या जत्रांत लोक अर्ध्या लिटरच्या जाड, बिनदांडीच्या ग्लासातून वाइन आणि सोड्याचे मिश्रण पितात. त्या ग्लासाला बाहेरून वाटोळे खळगे असतात, म्हणजे तेलकट हातातून तो निसटत नाही. एकच ग्लास बाकावरच्या चौघांत फिरतो. यावर बोर्दोचा ग्लास कुठे आहे, असे विचारण्याची माझी अद्याप हिंमत झालेली नाही.

हे मुद्दाम लिहिले, कारण धाग्याच्या शीर्षकात हौसेचे मान हा शब्द आहे. तिथला शेतकरी वाइनविषयी आपल्या सगळ्यांपेक्षा अधिक जाणतो. तरी जत्रेत तो वास घेत बसत नाही आणि तळघरात पिंपाजवळ उभा राहिला, की तोच माणूस छोट्या कळीदार ग्लासात नाक खुपसतो. प्रसंग बदलला, की ग्लास बदलतो.

नाशिकचा_वेल

ऱ्हाइनकाठी यांच्या तेलकट हातावरून एक गोष्ट आठवली. आपण जेवताना उजवा हात ताटात असतो, त्यामुळे ग्लास डाव्या हाताने धरावा लागतो, आणि विसरून उजव्याने उचलला तर रश्शाचे ठसे पोटावर उमटतात. दांडी असेल, तर निदान ठसे दांडीवर राहतात आणि नाकाजवळ मसाला येत नाही. हाताच्या उबेने वाइन तापू नये, हे दांडीचे कारण सगळे सांगतात. ते आपल्याकडे अधिकच खरे आहे, कारण नाशिकला एप्रिल-मेमध्ये खोलीतले तापमान तीस अंशांच्या वर असते. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हे वचन युरोपातल्या थंडगार खोल्यांना उद्देशून आहे. आपण शिराझसुद्धा आधी फ्रिजमध्ये ठेवून, सुमारे 16 ते 18 अंशांवर प्यावी.

याच कारणामुळे फार मोठे फुगे आपल्याला मानवत नाहीत. रुंद ग्लासात वाइन पसरते आणि उन्हाळ्यात पाहता पाहता कोमट होते. ग्लास मध्यम ठेवावा आणि एका वेळी शंभर मिलिलिटरच ओतावी, बाटली थंड राहू द्यावी.

बुडबुडा (पणजी)

फसफसणाऱ्या वाइनबद्दल कोणी फारसे बोललेले नाही. पसरट, वाटीसारखा ग्लास चित्रपटांत छान दिसतो. पण त्यातून बुडबुडे लवकर निघून जातात आणि वास थांबत नाही. फ्रान्सच्या राणीच्या वक्षावरून त्याचा आकार घेतला, ही कहाणी खोटी आहे, कारण तो आकार तिच्या जन्माआधीपासून प्रचारात होता. उंच, नळीसारख्या ग्लासात बुडबुड्यांची माळ सुरेख दिसते, परंतु नाकाला जागा मिळत नाही. नाशिकजवळच्या दिंडोरीत आता दुसऱ्या आंबवणीची, म्हणजे पुन्हा आंबवून बुडबुडे आणलेली, चांगली वाइन बनते. ती पांढऱ्या वाइनच्या मध्यम ग्लासात ओतून पाहा, भाजलेल्या पावासारखा वास नळीपेक्षा स्पष्ट येईल. उभ्या उभ्या शुभेच्छा देऊन ग्लास खाली ठेवायचा असेल, तर नळी ठीक आहे.

रसायनमित्र (ठाणे)

ज्यांना नुसते पिण्यापलीकडे शिकायचे आहे, त्यांच्यासाठी एक पर्याय सुचवतो. वाइन चाखण्याच्या ग्लासाचे 1977 सालचे एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा क्रमांक आयएसओ 3591. हा ग्लास 155 मिलिमीटर उंच असतो, पोट 65 आणि तोंड 46 मिलिमीटर रुंद, आणि एकूण मावते सुमारे 215 मिलिलिटर. त्यात फक्त 50 मिलिलिटर वाइन ओततात. तो लहान असल्यामुळे मोरीत सुखरूप राहतो आणि असे चार ग्लास घेतले, तर चार वाइन शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते. जेवणाबरोबर प्यायला मात्र तो चिमुकला वाटतो, आणि तांबड्या वाइनीला त्यात मोकळीक मिळत नाही.

घरगुती प्रयोगही करता येईल. एकच बाटली, तेवढीच वाइन, तीन वेगवेगळे ग्लास. पिणाऱ्याचे डोळे बांधावेत आणि ग्लास दुसऱ्याने नाकाशी धरावा, म्हणजे हाताला आकार कळत नाही. ओठ लावले, की काठाची जाडी कळते आणि मन लगेच महाग ग्लासाच्या बाजूने झुकते, म्हणून आधी फक्त वास घ्यावा.

जुना_गडी (मुंबई)

किमतीबद्दल एक ठोकताळा सांगतो. आपण नेहमी जी बाटली घेतो, तिच्या किमतीहून एक ग्लास महाग नसावा.

नाशिकचा_वेल

याला माझा थोडा विरोध आहे. बाटली एका संध्याकाळी संपते आणि ग्लास शेकडो बाटल्यांना पुरतो, तेव्हा हा हिशेब बाटलीगणिक करायला हवा.

वाड्यातली (सदाशिव पेठ)

शेकडो बाटल्यांना पुरतो, हे कोणत्या घरात? माझ्या तीन ग्लासांचा हिशेब मांडला, तर एकेक ग्लास सरासरी अकरा बाटल्या जगला. ठोकताळा बरोबर आहे.

मृद्गंध (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री प्रयोग केला. शेजाऱ्यांकडून 400 मिलिलिटरचा एक कळीदार ग्लास उसना आणला, आमचा नक्षीदार ग्लास गरम पाण्याने धुऊन कपाटाचा वास घालवला आणि तिसरा म्हणून चहाचा कटिंगचा ग्लास घेतला. पत्नीचे डोळे बांधून शेनिन ब्लाँ तीनही ग्लासांतून हुंगायला दिली. कळीदार ग्लास तिने चारही वेळा अचूक ओळखला. नक्षीदार आणि कटिंग या दोहोंत मात्र तिला फरक सांगता आला नाही, आणि नंतर माझे डोळे बांधले तेव्हा मलाही सांगता आला नाही. मग अकलूजकडची एक तांबडी उघडली. तिच्यात फरक जाणवला, पण इतका ठळक नव्हता.

त्यामुळे ठरले असे, की कळीदार, यंत्रावर केलेला, शिसेविरहित काचेचा एकच प्रकार घ्यायचा. दुकानदार सहाच्या खाली विकत नाही. आम्हाला खरे तर चारच हवेत, परंतु ताईंचा अकरा बाटल्यांचा हिशेब पाहता दोन जास्तीचे लागतील, असे पत्नीचे म्हणणे पडले. राहिला प्रश्न जुन्या नक्षीदार ग्लासांचा. ते जड आहेत आणि टिचकी मारली तर घंटेसारखे वाजतात. ते शिशाच्या काचेचे असतील का, आणि असल्यास मुलांना त्यांतून काही द्यावे का?

रसायनमित्र (ठाणे)

जड, लांबवर वाजणारी आणि खोल कोरलेली काच बहुतेकदा शिशाची असते. युरोपीय नियमांप्रमाणे अस्सल लेड क्रिस्टलमध्ये किमान 24 टक्के लेड ऑक्साइड लागते. संध्याकाळी तासाभरात पिऊन रिकाम्या केलेल्या ग्लासातून शिसे फार थोडे उतरते; खरा धोका त्याच काचेच्या सुरईत मद्य महिनोन्महिने ठेवण्याचा असतो, कारण आम्ल आणि वेळ मिळाला, की शिसे पाझरते. मोठ्यांनी कधीतरी वापरायला हरकत नाही, परंतु मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना देऊ नयेत, आणि कोकम किंवा लिंबू सरबत त्यांत करून ठेवणे तर पूर्ण टाळावे.

वाड्यातली (सदाशिव पेठ)

मोगऱ्याची फुले ठेवा त्यांत. नाही तरी वास त्यांना धरता येत नाही, तेव्हा तो सगळ्या खोलीत पसरेल.

मृद्गंध (पुणे)

आजच ठेवली.